सातचं आठ

बसस्थानकावर तिला कुणी नावाने हाक मारत नसे. उपाहारगृहातल्या बाईपासून स्थानकप्रमुखापर्यंत सगळ्यांची ती आवाजबाई. तेवीस वर्षं ती पहिल्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारत होती, आणि ज्यांनी तिला जन्मात पाहिलं नव्हतं ती माणसं तिच्या एका शब्दावर पिशव्या उचलून पळत होती. याचा तिला गर्व होता, आणि थोडाथोडका नव्हता. खाली नऊ फलाट, इंजिनांची घरघर, खांबांवर जुनाट भोंगे, आणि तरी तिचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत सुटा पोचायचा. नव्याने कामाला लागणाऱ्या मुलींना ती दाताच्या कण्या करून सांगायची, "अगं, घसा ताणू नका. गाडी पुकारायची ती जिभेने आणि दातांनी. त म्हणजे त. जीभ दाताला टेकली नाही की त्याचा ट झालाच म्हणून समजा."

तर याच बाईने एका मंगळवारी भर दुपारी सातचं आठ केलं.

गाडी होती बंदराकडे जाणारी. नेहमीप्रमाणे तिने लाल दिवा लावला, माइक जवळ ओढला आणि पुकारलं. काचेतून खाली पाहिलं तर सगळी रांग आठ नंबरच्या फलाटावर जाऊन उभी! सातवर उभी असलेली गाडी तीन माणसं घेऊन वेळेवर निघूनही गेली. लोक काय खुळे झालेत का, असं ती मनात म्हणते आहे तोवर जिन्यावर पावलं वाजली. वर यायची कुणाला परवानगी नव्हती, तरी एक म्हातारा दम खात वर आला आणि दारात उभा राहिला. त्याच्या हातात स्वेटर होता, बायकांचा, घडी घातलेला.

"बाई, तुम्ही आठ म्हणालात."

"आजोबा, मी सात म्हणाले. सातच म्हणाले."

"मी म्हातारा आहे, बहिरा नाही," तो म्हणाला. "माझ्या बायकोला आज तिकडच्या दवाखान्यातून सोडणार आहेत. चारला खाली आणून बसवतील तिला. आता पुढची गाडी साडेतीनला. ती एकटी बसेल ना तिथे."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता स्वेटर सारखा करत खाली गेला. आवाजबाईने शेजारी पाहिलं. पुढच्या पाळीची मुलगी येऊन बसली होती. सगळे तिला धाकटी म्हणत, जरी ती आता दोन लेकरांची आई होती.

"तू ऐकलंस ना? मी सात म्हणाले ना?"

धाकटीने ओढणीच्या टोकाशी चाळा केला. "ताई, मला पण आठच ऐकू आलं."

आता खरं सांगायचं तर हे त्या मंगळवारी घडलं नव्हतं, दोन वर्षं घडत आलं होतं. आधी ब्रश गुलाबी झाला, मग थुंकी लाल झाली. आवाजबाईने काय करावं? जिथून रक्त येतं तिथे ब्रश लावायचाच सोडला. जखमेला का कुणी घासतं? मग मीठ लावून झालं, लवंग धरून झाली, एका बाजूने चावून झालं. मग वरचा समोरचा डावा दात जिभेच्या धक्क्याने हलू लागला, तेव्हा तिने जीभच आवरली. त म्हणताना ती दाताला टेकवायची नाही, जरा मागे टाळूला टेकवायची. स म्हणताना वाराही जपून सोडायची. दाताला धक्का नको, बस. तिच्या स्वतःच्या कानाला यात फरक कळत नव्हता. पण जुन्या भोंग्यांतून तो मऊ स गळून पडायचा आणि जपून म्हटलेल्या तचा ट व्हायचा, आणि सातमधून एवढं गेल्यावर लोकांनी आठ ऐकलं तर त्यांची काय चूक? तेवीस वर्षं जे दुसऱ्यांना शिकवलं तेच ती स्वतः मोडत होती, आणि तेही दात वाचवण्यासाठी!

अजून एक गोष्ट होती. ती तिने पाहिली होती आणि पाहिली नाही असं दाखवलं होतं. माइकच्या तोंडावर स्पंजची टोपी असते. धाकटी गेले काही महिने स्वतःची वेगळी टोपी पर्समधून आणत होती आणि पाळी संपली की काढून नेत होती. का, ते आवाजबाईला न विचारताच कळलं होतं. तोंडाचा वास, दुसरं काय! त्या दिवशी घरी जाऊन ती शरमेने रडली होती.

स्थानकप्रमुख स्वभावाने वाईट नव्हता, पण तक्रार लेखी आली होती आणि तीही पहिली नव्हती. "बाई, दोन महिने तुम्ही पासच्या खिडकीवर बसा," तो म्हणाला. "माइक धाकटी सांभाळेल. दोन महिन्यांनी आपण एकदा पुकारून बघू. जमलं तर जमलं."

"आणि नाही जमलं तर?"

त्याने समोरचा कागद उगाच सरळ केला. "तर खिडकी आहेच की."

दुसऱ्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीण तिशीतली, मास्कच्या वर दोन थकलेले डोळे. तिने तोंडात पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "रक्त येतं तिथे ब्रश लावता का ताई?"

"छे! दुखतं तिथे कशी लावणार?"

"तिथे घाण साचलीय म्हणून रक्त येतं. तुम्ही घासणं सोडलंत, ती आणखी साचली, आणि आणखी रक्त आलं." डॉक्टरीण रागावली नव्हती, पण तिच्या बोलण्यात मऊपणाही नव्हता. "सगळे हेच करतात. आता मोजूया."

मोजायचं म्हणजे काय, तर टोकाला बारीक रेघा असलेली सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत उतरवायची आणि ती किती खोल जाते ते बघायचं. एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. चारच्या पुढे काळजी. डॉक्टरीण आकडे म्हणत होती आणि कोपऱ्यात बसलेली नर्स ते परत म्हणून तक्त्यावर लिहीत होती. सगळे नाकातून. एवढं तोंड उघडून पडलेली असूनही आवाजबाईला तिचा राग आला. तीन म्हणावं तर सरळ तीन म्हणावं ना!

"तीन, दोन, तीन. चार, तीन, पाच. पुढचा. पाच, चार, सहा."

आकडे वाढत चालले. उभ्या आयुष्यात तिने आकडे पुकारले होते आणि लोकांनी ते ऐकून दिशा बदलल्या होत्या. ऐकणाऱ्याचं काय होतं ते तिला आज कळत होतं. सळई समोरच्या डाव्या दातापाशी आली.

"पाच," डॉक्टरीण म्हणाली. "सहा." सळई आणखी उतरली. "सात."

कसा स्वच्छ, खणखणीत सात! गेल्या कित्येक महिन्यांत आवाजबाईला तसा एक जमला नव्हता.

"काढणार?" तोंड मोकळं होताच तिने विचारलं.

"काढायचं कुणी म्हटलं?"

"मग हिरडी कापून आतून?"

"ती पुढची पायरी, आणि कदाचित ती लागणारही नाही. आधी आपण न कापता करून बघू. हिरडीच्या खाली मुळांवर कीट चढलंय, दगडासारखं. सुन्न करून ते मी खरवडून काढणार, दोन बैठकांत. ते झालं माझं अर्धं काम. रोजचं अर्धं तुमचं. आठ आठवड्यांनी परत मोजायचं. आणि हो, रक्तातली साखर तपासून या. ती वाढलेली असेल तर हिरड्या बऱ्या होत नाहीत."

"आमच्या घरात दात कच्चेच आहेत हो. आईचे पंचेचाळिशीत सगळे गेले."

"असेल. घराण्याचा भाग असतो थोडा." डॉक्टरीण हातमोजे काढत होती. "पण घराणं मला खरवडता येत नाही. कीट येतं."

साखर ठीक निघाली. पहिली बैठक झाली, उजवी बाजू. दुखलं नाही फारसं, पण कवटीत कुणीतरी पाटी खरवडतंय असा आवाज तासभर येत राहिला. आणि मग तिसऱ्या दिवशी, बरं वाटायला हवं तेव्हा, सगळंच बिघडलं. पाण्याचा घोट घेतला तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. हिरड्यांची सूज उतरली, तसे दात लांब दिसू लागले आणि दोन दातांमध्ये अशा फटी पडल्या की जीभ सारखी तिथेच जाऊ लागली. साफ केलेले दात आधीपेक्षा जास्त हलताहेत असं तिला वाटलं. तिने आरशासमोर "सात" म्हणून पाहिलं. शिट्टी वाजली!

"मी म्हटलं होतं," नवरा म्हणाला. तो आगाराच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम करायचा आणि प्रत्येक गोष्टीतलं त्याला थोडं कळायचं. "दात साफ केले की खिळखिळे होतात. ते कीटच दातांना धरून असतं. जुन्या गाडीचा गंज काढायला जा, पत्राच हातात येतो."

"अहो, तोंड आहे माझं, गाडी नाही!"

"बरं बाई. पण आता दुसऱ्या बाजूला हात लावू देऊ नकोस. राहतील तेवढे राहू देत. पुढे कवळी करू. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! ती दात-ओठ खाऊन काही बोलणार होती, पण दात-ओठ खाण्याइतकाही त्या दातांवर भरवसा नव्हता. दुसऱ्या बैठकीच्या दिवशी ती गेली नाही. डॉक्टरणीचा फोन आला, तो तिने घेतला नाही. डॉक्टरणीनेच आपलं वाटोळं केलं असं तिने पक्कं ठरवून टाकलं, आणि ठरवल्यावर तिला जरा बरंही वाटलं. दोष द्यायला कुणीतरी मिळालं की माणसाला बरं वाटतंच. पासच्या खिडकीत ती ओठ मिटून बसायची, लोकांना बोटाने दाखवायची, शिक्का मारायची. वरून भोंग्यात धाकटीचा आवाज यायचा. चांगला होता तो. तेच तर सहन होत नव्हतं.

त्या आठवड्यात एकदा जेवताना नवऱ्याने विचारलं, "काय हवंय?" आणि ती तोंडावर हात ठेवून काहीतरी म्हणाली. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने डाळ मागितली होती.

तिचा हात तसाच तोंडावर राहिला. हा हात तिचा नव्हताच, तो आईचा होता. आई अशीच बोलायची, सगळे दात गेल्यावर, तळहाताच्या आडून. आधी पाहुण्यांसमोर बोलायची थांबली, मग शेजारणींशी, मग घरात. शेवटच्या आजारात एका रात्री ती अंथरुणातून सारखी म्हणत होती, "आर... आर..." आवाजबाईला वाटलं, गार. तिने आईच्या अंगावर पांघरूण घातलं. आई मान हलवत होती, पुन्हा म्हणत होती, आणि तिने दुसरं पांघरूण घातलं. आई दार म्हणत होती. दाराबाहेर आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, उभी होती. आतल्या खोलीत आईखेरीज कुणाला ऐकू न आलेली कडी तिने किती वेळा वाजवली देव जाणे. सगळी झोपली असतील म्हणून ती परत गेली, सकाळी येऊ म्हणून. सकाळ आईने पाहिली नाही. मावशीने नंतर कधी दूषण दिलं नाही, पण ही गोष्ट आवाजबाईने नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती, आणि ती आठवली की तिला आजही स्वतःच्या कानांची लाज वाटायची.

ताटावरून उठून तिने डॉक्टरणीला फोन लावला.

"ताई, फटी आधीही होत्या," डॉक्टरीण दुसऱ्या दिवशी म्हणाली. "त्या कीटाने आणि सुजेने भरल्या होत्या, म्हणून दिसत नव्हत्या. हाड जेवढं झिजलंय तेवढं परत येणार नाही, हे मी खोटं नाही सांगणार. पण स्वच्छ मुळाला हिरडी घट्ट बिलगते. तिला वेळ द्या. तुम्ही अर्ध्यातून पळालात तर मात्र मी काही करू शकत नाही."

"समोरचा राहील?"

"मोजल्याशिवाय नाही सांगत."

डाव्या बाजूची बैठक झाली. मग सुरू झालं ते रोजचं अर्धं. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेशी तिरका धरून, हळू, दोन-दोन दात करत. आणि फटींसाठी तो बारीक ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशाचं जणू पिल्लूच. पहिले आठ दिवस तो प्रत्येक फटीतून लाल होऊन निघायचा आणि तिचा हात मागे यायचा. मागे घ्यायचा नाही, हेच तर शिकायचं होतं. शेवटी तिने स्वतःची युक्ती काढली. आरशासमोर उभं राहायचं आणि पुकारायचं. मनातल्या मनात, पण अगदी कामावरच्या चालीवर: फलाट क्रमांक एकवर ब्रश येत आहे. फलाट क्रमांक दोन. एकही फलाट वगळायचा नाही. तेवीस वर्षांत तिने एक गाडी पुकारायची सोडली नव्हती, मग दात कसा सोडेल? अठ्ठावीस दातांची ती फेरी पूर्ण व्हायला बारा मिनिटं लागायची आणि नवरा बाहेरून दार ठोठावायचा.

"आत काय स्थानक उघडलंयस का?"

तिसऱ्या आठवड्यात ब्रश पांढरा निघाला. तिने तो उजेडात धरून तीनदा पाहिला. पाचव्या आठवड्यात गार पाणी प्यायला लागली. पण डावा दात हलतोय की नाही, हे तिने बोट लावून पाहिलं नाही. तशी हिंमतच झाली नाही. आणि तोंडातून सात हा शब्दही काढला नाही. घड्याळात सात वाजले की ती म्हणायची, सहा वाजून गेले.

आठव्या आठवड्याच्या गुरुवारी सकाळी मोजणी होती आणि त्याच दुपारी स्थानकप्रमुखाने तिला वर बोलावलं होतं. ती खुर्चीत पडली. नर्स तीच होती, नाकातली.

"दोन, दोन, तीन. तीन, दोन, तीन. पुढचा. तीन, तीन, चार."

आवाजबाई छतावरच्या दिव्याकडे बघत होती. मागची उजवी दाढ आली. "पाच. सहा," डॉक्टरीण म्हणाली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "ही हट्टी आहे." सळई पुढे सरकली. समोर आली. डाव्या दातापाशी उतरली. डॉक्टरणीने सळई काढली, पुसली, परत उतरवली. नर्सचं पेन थांबलं. आवाजबाईने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तीन," डॉक्टरीण म्हणाली. "तीन. चार." मग वाकून जवळून पाहिलं. "आणि रक्त नाही. परत मोजला, कारण माझाच विश्वास बसेना."

नर्सने ते नाकातून परत म्हटलं, तीन, तीन, चार, आणि आवाजबाईला त्या क्षणी तो आवाज फार गोड वाटला. तिच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. डॉक्टरणीने दाताला हलकेच धक्का देऊन पाहिला. "किंचित हलतोय अजून. तेवढा राहील. या दाढेचं मात्र परत खरवडून बघू, आणि तरी नाही ऐकलं तर तिथे कापावं लागेल, ते तेव्हा बघू. दर तीन महिन्यांनी यायचं. आणि तुमचं अर्धं काम जन्मभराचं."

"बोलताना जीभ लावू का दाताला?"

डॉक्टरणीला आधी प्रश्नच कळला नाही. मग ती मास्कच्या आड हसली असावी, कारण तिचे डोळे बारीक झाले. "जिभेने दात पडत नाहीत हो. लावा की."

दुपारी काचेच्या खोलीत स्थानकप्रमुख भिंतीला टेकून उभा होता. धाकटीने खुर्ची सोडली आणि माइकवरची स्वतःची स्पंजची टोपी काढायला हात पुढे केला. मग तो हात थांबला. दोन महिन्यांनी आवाजबाई तिच्या इतक्या जवळ वाकली होती, आणि वास आला नव्हता.

"राहू दे का हीच?" धाकटी म्हणाली. "चालेल मला."

आवाजबाईने मान डोलावली. समोर वेळापत्रक होतं. एक चाळीस, बंदराकडे जाणारी. बोट फलाटाच्या रकान्यावर नेलं तेव्हा तिला वाटलं स्थानकप्रमुखाने मुद्दाम निवडलंय. त्याने निवडलं नव्हतं. ती गाडी रोज तिथेच लागायची.

तिने लाल दिवा लावला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे," ती म्हणाली, आणि श जरासा शिट्टीवर गेला, जरासाच. ते आता राहणार होतं. मग तिने जीभ उचलली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, सगळा जीव मुठीत धरून, ती त्या डाव्या दातावर टेकवली. दात जागचा हलला नाही.

"बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सात वर लागत आहे."

तिघंही काचेला चिकटून खाली पाहत होते. खाली एक बाई पोराला काखेत घेऊन उठली. दोन माणसं बोलता बोलता चालू लागली. बाकावर कुणीतरी शेंगांचा कागद चुरगळला, पिशवी खांद्याला अडकवली, आणि रांगच्या रांग सरकत सातवर जाऊन उभी राहिली. आठ नंबरचा फलाट रिकामा होता. एकानेही मान वर करून काचेकडे पाहिलं नाही.